स्टॅक्सची गाणी कोणाची? : मेम्फिसमधील सोल संगीत, गीतरचनाकार आणि मालकीहक्क (१९५७ ते १९७६)

प्रस्तावना

अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांच्या यादीचे 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' असे केले. हा शब्द सुचविणारे जेरी वेक्सलर त्या वेळी तेथे पत्रकार होते. १९५३ मध्ये ते अटलांटिक रेकॉर्ड्स या न्यूयॉर्कमधील कंपनीत भागीदार झाले आणि प्रस्तुत लेखाच्या विषयाशी त्यांचा संबंध पुढे एका करारामुळे आला. रिदम अँड ब्लूजमध्ये चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्तता मिसळून साठच्या दशकात जो प्रकार लोकप्रिय झाला, तो 'सोल' या नावाने ओळखला जातो.

सोल संगीताचा इतिहास बहुधा आवाजांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, सॅम अँड डेव्ह ही नावे त्यात ठळक असतात. गाणे लिहिणारा मात्र तबकडीवरील नावाखाली कंसातल्या बारीक अक्षरांत उरतो. येथे एक शब्द स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत गीतकार आणि संगीतकार या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात. अमेरिकन व्यवहारात शब्द आणि चाल मिळून एकच कृती होते आणि तिच्या कर्त्यांना एकच संज्ञा आहे. त्यामुळे प्रस्तुत लेखात 'गीतरचनाकार' हा शब्द त्या एकत्रित अर्थाने वापरला आहे. टेनेसी राज्यातील मेम्फिस येथील स्टॅक्स या कंपनीच्या संदर्भात या रचनाकारांना काय मिळाले आणि त्यांच्या हातून काय गेले, याचा शोध येथे घेतला आहे.

मॅकलेमोर मार्गावरील चित्रपटगृह

स्टॅक्सची स्थापना 'सॅटेलाइट' या नावाने १९५७ मध्ये जिम स्ट्युअर्ट यांनी केली. ते गोरे होते, बँकेत नोकरी करीत आणि फावल्या वेळात कंट्री संगीतात फिडल वाजवीत. त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन याही बँकेत नोकरीस होत्या. ध्वनिमुद्रणासाठी ॲम्पेक्स यंत्र हवे होते, ते एस्टेल यांनी राहते घर गहाण टाकून मिळविले. १९६० मध्ये भावाबहिणींनी मॅकलेमोर मार्गावरील कॅपिटॉल हे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षागृहाचा उतार तसाच राहिला. स्टॅक्सच्या ध्वनिमुद्रणांतील विशिष्ट घुमाराचे श्रेय अनेक अभ्यासक या उतरत्या जमिनीला देतात. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील दुसऱ्या एका सॅटेलाइट कंपनीमुळे नाव बदलावे लागले, तेव्हा स्ट्युअर्ट आणि ॲक्स्टन या आडनावांची आद्याक्षरे जोडून 'स्टॅक्स' हे नाव घेण्यात आले.

चित्रपटगृहाच्या खाऊच्या दुकानाच्या जागेत एस्टेल यांनी ध्वनिमुद्रिकांचे दुकान थाटले. या दुकानाला इतिहासकारांनी दिले त्याहून अधिक महत्त्व दिले पाहिजे. कोणती तबकडी का खपते, हे त्या गिऱ्हाइकांच्या वागण्यावरून पाहत आणि आपल्या रचनाकारांना समजावून सांगत. नव्या गाण्याचा नमुना प्रथम या दुकानात वाजविला जाई. परिसर कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा बनत चालला होता. दुकानात येणारी मुले आतल्या दारातून स्टुडिओत पोहोचू लागली. होमर बँक्स या दुकानात काम करीत आणि पुढे स्टॅक्सचे प्रमुख रचनाकार झाले. डेव्हिड पोर्टर हे रस्त्यापलीकडील किराणा दुकानात कामाला होते. आयझॅक हेज यांनी मांसप्रक्रियेच्या कारखान्यात काम केले होते. बुकर टी. जोन्स हे इंडियाना विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेत असल्याने त्यांच्या गैरहजेरीत वाद्यपट्टी सांभाळण्यासाठी हेज यांचा प्रवेश झाला.

वर्णभेदाच्या कायद्यांखालील मेम्फिसमध्ये ही इमारत अपवाद होती. 'बुकर टी. अँड द एमजीज' या वाद्यवृंदात पुढे दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे वादक झाले. त्यांचे 'ग्रीन अनियन्स' १९६२ मध्ये गाजले. मात्र इमारतीबाहेर एकत्र बसण्याची सोय क्वचितच होती. वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय मालकाचे लॉरेन मोटेल हे असे एक ठिकाण होते. तेथील खोलीत विल्सन पिकेट आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी 'इन द मिडनाइट अवर' रचले आणि पुढे एडी फ्लॉइड व क्रॉपर यांनी 'नॉक ऑन वुड' रचले. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

दोन सेंटांचा हिशोब

गाण्याच्या मालकीचा प्रश्न समजण्यासाठी एका तबकडीत दोन मालमत्ता असतात हे ध्यानात घ्यावे लागते. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याची मूळ फीत 'मास्टर' म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत रचनेला संघीय कायद्याचे संरक्षण पूर्वीपासून होते. ध्वनिमुद्रणाला ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले, तोपर्यंत हा विषय राज्यांच्या कायद्यांवर आणि खासगी करारांवर सोडलेला होता.

१९०९ च्या कायद्याने तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक रचनेस दोन सेंट हा दर ठरविला आणि तो १९७७ अखेरपर्यंत बदलला नाही. या दोन सेंटांतील निम्मा वाटा प्रथेप्रमाणे गीत-प्रकाशन संस्थेचा असे. एखाद्या गाण्याच्या दहा लाख प्रती खपल्या, तर पूर्ण दराने २० हजार डॉलर जमा होत. त्यांतील १० हजार प्रकाशन संस्थेला मिळत आणि दोघांनी मिळून गाणे लिहिले असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ५ हजार येत. स्टॅक्सची गीत-प्रकाशन संस्था 'ईस्ट मेम्फिस म्युझिक' ही होती, म्हणजे निम्मा हिस्सा घरातच राहत असे.

याशिवाय आकाशवाणीवरील प्रसारणाचे उत्पन्न असे. येथील नियम परक्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतील नभोवाणी केंद्रे रचनाकाराला मोबदला देतात, गायकाला आणि वादकाला देत नाहीत. हा नियम आजतागायत कायम आहे. रेडिंग यांनी लिहून १९६५ मध्ये गायलेले 'रिस्पेक्ट' हे गाणे अरीथा फ्रँकलिन यांनी फेब्रुवारी १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केले. शीर्षकातील शब्दाचे एकेक अक्षर सुटे उच्चारण्याची कल्पना रेडिंग यांच्या रचनेत नव्हती. पुरुषाने घरातील मान मागण्याचे ते गाणे स्त्रीच्या तोंडी जाऊन वेगळ्याच अर्थाचे झाले आणि त्या वर्षी देशाच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. तरीही नभोवाणीवरील प्रत्येक प्रसारणाचे पैसे रेडिंग यांना आणि त्यांच्या मृत्यूनंतर वारसांना मिळत राहिले. गाण्याला नवा जन्म देणाऱ्या गायिकेला त्यातील काहीही मिळाले नाही. रचनाकारावर अन्याय होतो, हे विधान म्हणूनच सरसकट करता येत नाही.

'ओटिस ब्लू'

ओटिस रेडिंग हे १९६२ मध्ये जॉनी जेन्किन्स या गिटारवादकाची मोटार चालवीत मॅकलेमोर मार्गावर आले होते. सत्र संपताना मिळालेल्या वेळात त्यांनी स्वतःचे 'दीज आर्म्स ऑफ माइन' गायले आणि तेथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. तीन वर्षांनी 'ओटिस ब्लू' हा अल्बम निघाला. त्याचे बहुतेक ध्वनिमुद्रण ९ आणि १० जुलै १९६५ या दोन दिवसांत, सुमारे चोवीस तासांच्या आत पूर्ण झाले. वादकांना रात्री शहरातील क्लबांमध्ये वाजवायचे असल्याने संध्याकाळी काम थांबले आणि पहाटे दोनच्या सुमारास पुन्हा सुरू झाले. न्यूयॉर्कहून अटलांटिकचे अभियंते टॉम डाउड आले होते.

या अल्बममधील अकरा गाण्यांपैकी तीन रेडिंग यांची आहेत, त्यांतील एक जेरी बटलर यांच्या सहकार्याने लिहिलेले आहे. तीन गाणी सॅम कुक यांची आहेत. डिसेंबर १९६४ मध्ये कुक यांचा गोळी लागून मृत्यू झाला होता, त्यामुळे ही निवड आदरांजलीसारखी होती. उरलेल्यांत ब्रिटनमधील रोलिंग स्टोन्सचे काही आठवड्यांपूर्वीच निघालेले 'सॅटिस्फॅक्शन' आहे. रिदम अँड ब्लूज ऐकून वाढलेल्या गोऱ्या ब्रिटिश तरुणांचे रॉक गाणे येथे ब्रासवाद्यांसह मेम्फिसला परत आले. त्या दिवसांत अल्बम म्हणजे खपलेल्या एकेरी तबकड्यांची मोळी असे. 'ओटिस ब्लू' ही आवाज, वादक आणि निवड यांची एकसंध कृती आहे आणि सोल संगीतात अल्बम या प्रकाराला आलेली प्रतिष्ठा येथून मोजणे योग्य ठरेल.

१९६५ चा करार

स्टॅक्सची निर्मिती देशभर पोहोचविण्याचे काम अटलांटिक १९६० पासून करीत होती. रूफस थॉमस आणि त्यांची मुलगी कार्ला यांच्या एका तबकडीकडे वेक्सलर यांचे लक्ष गेले आणि केवळ तोंडी समजुतीवर व्यवहार सुरू झाला. १९६१ मध्ये कार्ला थॉमस यांनी शाळकरी वयात स्वतः लिहिलेले 'जी व्हिझ' हे गाणे देशभर गाजले. मे १९६५ मध्ये या समजुतीला लेखी रूप देण्यात आले. अटलांटिक विकली गेल्यास आणि वेक्सलर यांचा तिच्यातील सहभाग बदलल्यास आपल्याला बाहेर पडता यावे, अशी तरतूद स्ट्युअर्ट यांना हवी होती व ती करारात आली. त्याच कागदात, स्टॅक्सने तयार केलेल्या आणि अटलांटिकने वितरित केलेल्या मास्टर फितींची मालकी अटलांटिककडे राहील, असेही कलम होते. स्ट्युअर्ट यांनी करार वकिलाकडून तपासून घेतला नव्हता, हे त्यांनी पुढे मान्य केले. बँकेत कर्जाचे कागद हाताळणाऱ्या माणसाने असे करावे, हे या इतिहासातील सर्वांत न उलगडणारे वर्तन होय. वेक्सलर यांनीही असे कलम आहे याची आपल्याला कल्पना नव्हती असे नंतर म्हटले.

१९६७ मध्ये अटलांटिक कंपनी वॉर्नर ब्रदर्स–सेव्हन आर्ट्सला विकली गेली. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळ मोनोना सरोवरात विमान कोसळून रेडिंग आणि बार-केज या तरुण वाद्यवृंदातील बहुतेक सदस्य मृत्युमुखी पडले. विमानातील केवळ बेन कॉली हे वाचले. क्रॉपर यांच्यासह लिहिलेले रेडिंग यांचे 'डॉक ऑफ द बे' जानेवारी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मरणोत्तर प्रथम क्रमांक मिळविणारे पहिले अमेरिकन गाणे ठरले. या दुःखाच्या काळात स्ट्युअर्ट यांनी वितरणाच्या वाटाघाटी सुरू केल्या आणि तेव्हा त्या कलमाचा अर्थ त्यांच्यापुढे आला. मे १९६८ मध्ये संबंध संपला. आठ वर्षांच्या मास्टर फिती अटलांटिककडे राहिल्या. सॅम अँड डेव्ह हे मुळात अटलांटिकचेच कलावंत असल्याने तेही परत गेले.

येथे एका भेदाकडे बहुतेक वर्णनांत दुर्लक्ष होते. स्टॅक्सने गमावली ती ध्वनिमुद्रणे होती. रचनांचे प्रकाशनहक्क ईस्ट मेम्फिसकडेच होते. हेज आणि पोर्टर यांनी सॅम अँड डेव्ह यांच्यासाठी लिहिलेले 'होल्ड ऑन, आय'म कमिन'' (१९६६) किंवा डेट्रॉइटमधील जुलै १९६७ च्या दंगलीत कृष्णवर्णीयांच्या दुकानांवर लिहिलेल्या 'सोल' या शब्दावरून सुचलेले 'सोल मॅन' कोठेही वाजले, तरी रचनेचा मोबदला मेम्फिसला येत राहिला. म्हणजे १९६८ नंतर स्टॅक्सची जुनी पुंजी म्हणून जे उरले, ते तिच्या रचनाकारांचे काम होते.

'हॉट बटर्ड सोल'

कंपनीचा कारभार आता १९६५ मध्ये रुजू झालेल्या ॲल बेल या कृष्णवर्णीय प्रसिद्धीप्रमुखांच्या हाती येत गेला. मे १९६८ मध्ये गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाने स्टॅक्स विकत घेतली. जुना साठा गेल्याने नवा तातडीने उभा करणे भाग होते. बेल यांनी १९६९ च्या मध्यास एकाच वेळी सत्तावीस अल्बम बाजारात आणले. एस्टेल ॲक्स्टन त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडल्या.

त्या सत्तावीसांपैकी एक हेज यांचा 'हॉट बटर्ड सोल' होता. किंग यांच्या हत्येनंतर आपण सुन्न झालो आणि बराच काळ काही लिहू शकलो नाही, असे हेज यांनी सांगितले आहे. या अल्बमकडे त्या दृष्टीने पाहिल्यास त्याची रचना उलगडते. त्यात केवळ चार गाणी आहेत. बर्ट बॅकराक आणि हॅल डेव्हिड यांचे 'वॉक ऑन बाय' बारा मिनिटांचे आहे. जिमी वेब यांचे 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' अठरा मिनिटांहून अधिक चालते आणि त्यातील पहिला मोठा भाग गद्य निवेदनाचा आहे. स्टॅक्सच्या सर्वांत यशस्वी रचनाकाराने आपले सर्वांत गाजलेले काम दुसऱ्यांच्या गाण्यांवर उभे केले.

दोन सेंटांच्या हिशोबात याचा अर्थ पाहण्यासारखा आहे. १९०९ च्या कायद्यात गाण्याची लांबी मोजण्याची तरतूद नव्हती. अडीच मिनिटांच्या गाण्याला जो दर, तोच अठरा मिनिटांच्या गाण्याला. बारा गाण्यांच्या अल्बममध्ये रचनेपोटी प्रतीमागे चोवीस सेंट द्यावे लागत, तर या अल्बममध्ये आठ. त्यातही 'फीनिक्स'चे दोन सेंट वेब यांच्या बाजूला गेले. निवेदन, मांडणी, वाद्यमेळाची वाढत जाणारी लय यांतून हेज यांनी जे नवे निर्माण केले, त्याला कायद्यात 'रचना' हे नाव नव्हते. अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि गायक व निर्माता म्हणून हेज यांचे स्थान बदलले. 'शाफ्ट' (१९७१) या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी त्यांना १९७२ मध्ये ऑस्कर मिळाले. मूळ गीताच्या विभागात हा सन्मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन होत.

मोटाउनचे उदाहरण

मालक कृष्णवर्णीय असता तर हे घडले नसते, असा युक्तिवाद केला जातो. त्यास डेट्रॉइटच्या मोटाउनचा इतिहास दुजोरा देत नाही. बेरी गॉर्डी हे स्वतः रचनाकार होते आणि लिहिलेल्या गाण्यांचे पुरेसे पैसे मिळत नाहीत या अनुभवातूनच त्यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन कंपनी काढली. त्यांची जोबेट ही प्रकाशन संस्था मात्र कंपनीच्या रचनाकारांची गाणी स्वतःकडे ठेवीत असे. सुप्रीम्सची बहुतेक अव्वल गाणी लिहिणारे हॉलंड–डोझियर–हॉलंड हे त्रिकूट पैशाच्या वादावरून बाहेर पडले आणि १९६८ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. स्टीव्ही वंडर यांनी १९७१ मध्ये एकवीस वर्षे पूर्ण होताच जुना करार संपल्याचा फायदा घेऊन आपल्या गाण्यांच्या प्रकाशनावर हक्क मिळविला. 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' (१९७६) सारखा अल्बम या मोकळीकीतून शक्य झाला. स्टॅक्समध्ये तुलनेने अधिक उदार प्रथा होती. एमजीजचे चार वादक आणि हेज व पोर्टर अशा सहा जणांना निर्मितीच्या रॉयल्टीत सामाईक वाटा दिला जात असे. पण ती प्रथा होती आणि ती टिकणे कंपनीच्या आरोग्यावर अवलंबून होते.

दिवाळखोरी

स्ट्युअर्ट आणि बेल यांनी १९७० मध्ये कंपनी परत विकत घेतली. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये झालेल्या 'वॉटस्टॅक्स' मैफलीला एक डॉलरच्या तिकिटावर लाखभर श्रोते आले. त्याच वर्षी सीबीएसशी वितरणाचा करार झाला. तो घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस १९७३ मध्ये सीबीएसमधून काढले गेले आणि त्यानंतर स्टॅक्सच्या तबकड्या दुकानांत पोहोचेनाशा झाल्या. मेम्फिसच्या युनियन प्लँटर्स बँकेचे कर्ज वाढत गेले. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने स्टॅक्स बंद झाली. बेल यांच्यावर बँकेच्या फसवणुकीचा खटला भरण्यात आला व १९७६ मध्ये ते निर्दोष सुटले. कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या स्ट्युअर्ट यांची मालमत्ता गेली. ईस्ट मेम्फिसच्या रचना तारण म्हणून बँकेच्या ताब्यात आल्या. थकलेल्या पैशांच्या वादातून हेज १९७४ मध्येच बाहेर पडले होते. १९७६ मध्ये साठ लाख डॉलरांहून अधिक कर्जापोटी त्यांनी दिवाळखोरी पत्करली आणि त्या व्यवहारात आपल्या आधीच्या गाण्यांच्या भावी रॉयल्टीवरील हक्क गमावला.

सापडलेल्या फिती

१९६८ नंतरच्या मास्टर फिती १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फँटसी कंपनीने विकत घेतल्या. चित्रपटगृहाची इमारत १९८९ मध्ये पाडण्यात आली. त्याच जागेवर २००३ मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि त्याच्या उभारणीत एकेकाळच्या प्रसिद्धीप्रमुख व गीतरचनाकार डीॲनी पार्कर यांचा मोठा वाटा होता. फँटसी २००४ मध्ये कॉन्कॉर्डकडे गेली. १९६८ पूर्वीची ध्वनिमुद्रणे वॉर्नर समूहात राहिली. एकाच इमारतीतील काम अशा रीतीने दोन घरांत वाटले गेले.

या वाटणीत कोणाच्याच यादीत न बसणारी एक सामग्री होती. रचनाकार नवे गाणे गायकाला ऐकविण्यासाठी ते स्वतः गाऊन साध्या फितीवर नोंदवून ठेवीत. विकण्यासाठी ती ध्वनिमुद्रणे नव्हती. प्रकाशन संस्थेच्या दप्तरात पडलेल्या या फिती चेरिल पॉवेल्स्की या निर्मातीने अनेक वर्षे ऐकून, निवडून एकत्र केल्या आणि जून २०२३ मध्ये त्यांतील १४६ ध्वनिमुद्रणांचा सात सीडींचा संच 'रिटन इन देअर सोल' या नावाने प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये त्यास सर्वोत्तम ऐतिहासिक अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

या संचात बेटी क्रचर यांचा आवाज ऐकू येतो. त्या परिचारिका होत्या आणि स्टॅक्समध्ये गीतरचनाकार म्हणून नेमल्या गेलेल्या पहिल्या महिला होत. होमर बँक्स आणि रेमंड जॅक्सन यांच्यासह 'वुई थ्री' या नावाने त्या लिहीत. जॉनी टेलर यांनी गायलेले 'हूज मेकिंग लव्ह' (१९६८) हे अटलांटिकशी काडीमोड झाल्यानंतर स्टॅक्सला सावरणारे पहिले मोठे यश होते आणि त्याच्या चार कर्त्यांत क्रचर यांचे नाव आहे. विवाहित पुरुषाने बाहेरख्याली करताना घरी काय चालले असेल, हा त्या गाण्यातील प्रश्न एका स्त्रीच्या सहभागातून आला, हे टेलर यांच्या आवाजात लक्षात येत नाही. क्रचर यांचे निधन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले. संच बाजारात यायला तेव्हा आठ महिने बाकी होते.